हरायची मुभा नसलेली परीक्षा

अमुक वनस्पतीच्या अर्काने पुरुषांची ‘ताकद’ वाढते हे संशोधनातून सिद्ध झालं, अशी बातमी ठरावीक काळाने येतच असते आणि तिच्यावरचा वादही ठरावीकच असतो. एक बाजू कॉलर ताठ करते: आमच्या पूर्वजांना जे हजारो वर्षांपूर्वी ठाऊक होतं, ते यांना आत्ता कुठे कळतंय. दुसरी बाजू खो खो हसते: चार उंदरांना पाला चारला आणि निघाले नोबेल मागायला. बातमीमागचा शोधनिबंध या दोघांपैकी बहुधा कोणीच उघडलेला नसतो. उघडला असता तर पहिल्यांचा अभिमान आणि दुसऱ्यांचं हसू, दोन्ही जरा आवरतं झालं असतं. ‘झाडपाल्यात दम आहे की नाही’ हा प्रश्नच मुळात वाद घालण्याच्या लायकीचा नाही. कोणतं झाड, त्याचा कोणता भाग, कशात उकळलेला, किती, कोणाला दिला, कशाच्या तुलनेत, आणि शेवटी मोजलं काय, हे ठरल्याशिवाय त्या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर नसतंच.

माझी भूमिका आधीच सांगून टाकतो. ताठरतेवर गुणकारी म्हणून परंपरेने सांगितलेल्या वनस्पतींची चाचणी झाली पाहिजे, आणि ती माणसांवर, नीट झाली पाहिजे. मात्र ती अशी हवी की तिच्यात वनस्पती हरू शकेल. आज चाचणी म्हणून जे चालतं, त्यातला मोठा भाग परीक्षेपेक्षा सत्कारसमारंभाच्या जवळ जातो: नारळ आणि शाल आधीच आणून ठेवलेली, फक्त नाव पुकारायचं बाकी. आणि हसणाऱ्यांनाही तोच नियम लागू. वनस्पती जिंकली तर ते मान्य करायची तयारी नसेल, तर तुमची चिकित्सक वृत्तीही तशीच, आधी निकाल लावून मग पेपर तपासणारी.

एका मित्राचा फोन या लेखाला निमित्त झाला. वय पन्नाशीच्या पुढे, एरवी मोठ्या आवाजात बोलणारा. त्या दिवशी आवाज उतरवून म्हणाला, “एक चूर्ण मिळालंय. शुद्ध वनस्पतीचं आहे, साइड इफेक्ट काही नाही. आणि खरं सांगतो, अर्ध्या तासात गुण येतो. तू असल्या गोष्टी वाचत असतोस म्हणून विचारतो, घ्यायला हरकत नाही ना?” त्याला मी काय सांगितलं ते नंतर येईलच. पण त्या वाक्यातला ‘अर्धा तास’ मला खटकला.

का खटकला हे कळायला शरीरात काय घडतं ते थोडक्यात पाहावं लागेल. ताठरता म्हणजे स्नायूंची ताकद नव्हे; उलट एका विशिष्ट स्नायूचं सैल पडणं. लिंगातल्या स्पंजासारख्या उतींमधले बारीक स्नायू एरवी आवळलेले असतात. उद्दीपन झालं की मज्जातंतूंच्या टोकांतून आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतं, त्यामुळे पेशींत सायक्लिक जीएमपी नावाचा निरोप्या तयार होतो, स्नायू ढिले पडतात, पोकळ्यांत रक्त भरतं आणि फुगलेल्या उतींखाली शिरा दाबल्या जाऊन ते रक्त आत अडकतं. पीडीई-५ नावाचं विकर (एन्झाइम) या निरोप्याला मोडून टाकतं, की सगळं पूर्ववत. रक्तवाहिन्यांतल्या नायट्रिक ऑक्साइडच्या कामगिरीच्या शोधाला १९९८चं नोबेल मिळालं, आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये पीडीई-५ला अडवणाऱ्या सिल्डेनाफिलला अमेरिकेत मान्यता मिळाली. ते औषध मुळात छातीतल्या कळांसाठी तपासलं जात होतं. तिथे फारसं जमलं नाही, पण चाचणीतल्या पुरुषांनी भलताच परिणाम कळवला. सांगायचा मुद्दा असा की ‘जोश’, ‘ताकद’, ‘मर्दानगी’ असल्या शब्दांना या साखळीत जागा नाही. इथे मज्जातंतू आहेत, रक्तवाहिन्या आहेत, संप्रेरकं आहेत, आणि या सगळ्यांवर बसलेलं एक घाबरट किंवा निवांत मन आहे. (‘नपुंसकत्व’ हा शब्द मी मुद्दाम टाळतो आहे. रक्तवाहिनी अरुंद झाली म्हणून माणसाचं व्याकरणातलं लिंग बदलत नाही.)

आता या विषयावरच्या वनस्पती-संशोधनाचा नेहमीचा साचा पाहा. अर्क काढतात, बऱ्याचदा मद्यार्कात किंवा मिथेनॉलमध्ये. उंदरांच्या किंवा सशांच्या लिंगातल्या उतीची पट्टी कापून द्रावात टांगतात, आधी औषधाने आवळायला लावतात, मग अर्क घालून ती किती सैल पडते ते मोजतात. किंवा नराला मादीसोबत सोडून तो किती वेळात, किती वेळा चढतो ते घड्याळ लावून टिपतात. किंवा उंदराला बेशुद्ध करून मज्जातंतूला विजेचा झटका देतात आणि आतला दाब मोजतात. या पद्धतींना मी हसत नाही. क्रिया कुठे आणि कशी होते हे शोधायचं तर अशाच वाटेने जावं लागतं. पण त्या बेशुद्ध उंदराला ना मनात कोणी आहे, ना फजिती होण्याची धास्ती, ना वीस वर्षांचा मधुमेह. द्रावात टांगलेल्या पट्टीपर्यंत अर्क थेट पोचतो. गिळलेल्या चूर्णाला आधी आतडं आणि यकृत ओलांडायचं असतं. चीनच्या पारंपरिक वैद्यकात कामोत्तेजक म्हणून नावाजलेल्या एपिमेडियम या वनस्पतीतलं इकारिन हे द्रव्य काचेच्या नळीत पीडीई-५ला खरोखरच अडवतं. बातमी एवढीच छापून येते. ते सिल्डेनाफिलच्या तुलनेत सुमारे ८० पट दुबळं आहे, हे त्याच प्रकारच्या मोजमापातून निघालेलं असतं. ते छापलं जात नाही. उंदरावरचा प्रयोग ही परीक्षेला बसण्याची परवानगी आहे. आपण तिलाच गुणपत्रिका समजतो.

मोजायचं काय, याचाही घोळ आहे, आणि तो जुना आहे. आयुर्वेदातल्या ‘वृष्य’, ‘वाजीकर’ (पुरुषशक्ती वाढवणारं) या शब्दांत कामेच्छा, ताठरता, वीर्याचं प्रमाण आणि अपत्यप्राप्ती अशा चार निरनिराळ्या गोष्टी एकत्र नांदतात. त्यामुळे शुक्रजंतूंची संख्या वाढल्याचा निष्कर्ष घेऊन ताठरतेचं औषध विकता येतं, आणि संप्रेरकाचा आकडा जरासा हलला की तो शयनगृहातला पुरावा ठरतो. माणसावर ताठरता मोजायची साधनं मात्र आहेत. १९९७ साली प्रसिद्ध झालेली १५ प्रश्नांची आंतरराष्ट्रीय प्रश्नावली आहे; तिच्यातले सहा प्रश्न फक्त ताठरतेचे, कमाल ३० गुण, आणि २५ किंवा त्याखाली म्हणजे काहीतरी बिनसलंय. झोपेत, विशेषतः स्वप्नांच्या टप्प्यात, निरोगी पुरुषाला आपोआप ताठरता येते. तीही यंत्राने मोजता येते. यंत्रं सुलभ नव्हती तेव्हा टपाल तिकिटांची पट्टी रात्री लिंगाभोवती चिकटवून ती सकाळी भोकांच्या रेषेवर फाटली आहे का ते बघत. हसू येईल, पण कित्येक चकचकीत शोधनिबंधांपेक्षा ती तिकिटं प्रामाणिक होती. त्यांना कोणाला खूश करायचं नव्हतं.

आता परंपरेच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा. हजारो वर्षं लाखो लोकांनी वापरलं, हीच चाचणी नाही का? हा मुद्दा उडवून लावणारे लोक इतिहास विसरतात. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेची ५० रक्तदाब-रुग्णांवरची निरीक्षणं ब्रिटनमधल्या हृदयरोगविषयक नियतकालिकात छापली आणि जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. चिनी संशोधक थू योयो यांना हिवतापावरच्या औषधाचा धागा चौथ्या शतकातल्या एका चिनी ग्रंथातल्या ओळीत सापडला: वनस्पती पाण्यात भिजवून पिळून रस घ्यावा. उकळावी असं तिथे म्हटलेलंच नाही. त्यांनी कमी तापमानाला अर्क काढला आणि आर्टेमिसिनिन हाती लागलं. आणि आपल्या विषयातलंच उदाहरण हवं तर पापाव्हरिन आहे. अफूच्या बोंडातलं हे द्रव्य १९८२ मध्ये फ्रेंच शल्यविशारद रोनाल्ड व्हिराग यांनी लिंगात टोचलं तर ताठरता येते हे दाखवलं, आणि आधुनिक उपचारांचं दार त्या टोचणीने उघडलं. म्हणजे सिल्डेनाफिलच्या कितीतरी आधी या क्षेत्रात एक वनस्पतिजन्य द्रव्य बाजी मारून गेलं होतं. झाडांत काही नसतं म्हणणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं.

पण या गोष्टींत परंपरेने फार तर इशारा दिला. निकाल तपासणीने दिला. सर्पगंधेची परंपरागत ख्याती तर वेड, निद्रानाश, साप चावणं अशी बहुरंगी होती. तपासणीने त्यातून रक्तदाब निवडला. आणि त्याच तपासणीतून रेसर्पिनचे दुष्परिणामही बाहेर आले: मनाची उदासी, आणि (दैवाचा विनोद पाहा) ताठरता जाणं.

अनुभव कुठे भरवशाचा आणि कुठे दगाबाज, हा खरा प्रश्न. जमालगोटा घेतल्यावर काय होतं हे ठरवायला चाचणी लागत नाही. परिणाम लगेच, ठसठशीत आणि दर वेळी तोच. ताठरतेचं नेमकं उलटं आहे. आज नाही, उद्या आहे. ताण असला की नाही, सुट्टीवर गेलं की आहे. जोडीदाराशी अबोला असला की नाही. तक्रार सर्वांत टोकाला गेलेली असते तेव्हाच माणूस उपाय शोधायला निघतो, आणि टोकाला गेलेली गोष्ट बऱ्याचदा आपणहून थोडी मागे येते. श्रेय मात्र त्या आठवड्यात घेतलेल्या चूर्णाला. शिवाय ज्याला गुण आला तो मित्राला सांगतो. ज्याला आला नाही तो कुणालाच सांगत नाही. या विषयात अपयशाची साक्ष द्यायला कोण पुढे येणार? मग हजारो वर्षांच्या वहीत फक्त जमेची बाजूच लिहिली गेली असेल, तर तिच्या बेरजेवर किती विसंबायचं?

आणि अनुभव फसवतो तो अडाण्यांनाच, असंही नाही. शार्ल-एदुआर ब्राउन-सेकार हा एकोणिसाव्या शतकातला अव्वल दर्जाचा शरीरशास्त्रज्ञ. मज्जारज्जूवरच्या कामासाठी आजही त्याचं नाव घेतात. १८८९ मध्ये, ७२व्या वर्षी, त्याने कुत्र्यांच्या आणि गिनीपिगांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि पॅरिसच्या विद्वत्सभेला सांगितलं की अंगात तरुणपणाचा जोम परतला. युरोप-अमेरिकेत या अर्काची लाट आली. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्याच्याच कृतीने अर्क बनवून तपासला, तर त्यातलं टेस्टोस्टेरॉन परिणाम व्हायला लागतं त्याच्या आसपासही नव्हतं. त्याला जोम वाटला, हे खरंच असणार. तो अर्कातून आला नव्हता, एवढंच. आयुष्यभर प्रयोग करणारा माणूस आपल्याच अंगावरच्या अनुभवाला असा भुलतो, तर ‘मला गुण आला’ या वाक्याचं वजन किती धरायचं?

यावर उपाय सापडूनही दोन शतकं उलटली. १७८४ मध्ये मेस्मर या वैद्याच्या ‘प्राणिज चुंबकत्वा’च्या उपचाराची फ्रान्समध्ये धूम होती. राजाने नेमलेल्या समितीत बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्वाझिए होते. फ्रँकलिनच्या बागेतल्या एका जर्दाळूच्या झाडात मेस्मरच्या शिष्याने ‘शक्ती भरली’ आणि डोळे बांधलेल्या एका मुलाला एकेका झाडापाशी नेलं. मुलाला घाम फुटला, चक्कर आली, आणि चौथ्या झाडापाशी तो बेशुद्धच पडला. त्या झाडात कोणी काही भरलेलं नव्हतं. समितीने मुलाला खोटारडा ठरवलं नाही, त्याच्या अनुभवाची टरही उडवली नाही. त्याला कोणतं झाड ‘खरं’ ते फक्त कळू दिलं नाही. दुहेरी आंधळी चाचणी म्हणजे याच बागेचं सुधारलेलं रूप: चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना वनस्पती, अर्ध्यांना तशीच दिसणारी, तशाच चवीची रिकामी गोळी, आणि कोणाला काय मिळालं हे देणाऱ्यालाही ठाऊक नाही. ताठरतेच्या बाबतीत हे विशेष गरजेचं आहे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या सिल्डेनाफिलच्या चाचणीत औषध घेणाऱ्यांचे संभोगाचे ६९ टक्के प्रयत्न यशस्वी झाले. रिकामी गोळी घेणाऱ्यांचे २२ टक्के. त्या २२ टक्क्यांकडे नीट पाहा. तुलनेचा गटच नसता तर कोणत्याही पाल्याला एवढं यश फुकटात मिळालं असतं, आणि मथळा तयार होता.

वैद्यमंडळींचा आक्षेप याहून सूक्ष्म आहे, आणि मला तो खरोखर विचार करण्याजोगा वाटतो. ते म्हणतात, आमच्याकडे एक वनस्पती एका रोगाला अशी जोडलेली नसते. प्रकृती, वय, अग्नी (पचनशक्ती) पाहून योजना करतात. एका योगात, म्हणजे औषधी मिश्रणात, दहा द्रव्यं असतात. एकच अर्क शंभर जणांना सारखा देऊन तो चालला नाही तर त्यात आमचं काय चुकलं? हे बरोबर आहे. चरकसंहितेत क्लैब्याचे (म्हणजे याच तक्रारीचे) चार प्रकार वेगळे सांगितले आहेत: बीजोपघातज (बीज बिघडल्याने आलेलं), ध्वजभंगज (लिंगाच्या विकाराने आलेलं), जरेमुळे, म्हणजे म्हातारपणामुळे, आलेलं आणि शुक्रक्षयामुळे आलेलं. चिकित्सास्थानातला वाजीकरणाचा अध्याय तर स्रोतस (शरीरातले वहनमार्ग) शुद्ध असताना, मोजक्या प्रमाणात, योग्य काळी वृष्य द्रव्य घ्यावं म्हणतो. आणि सर्वांत श्रेष्ठ वाजीकरण कोणतं, तर मनाला हर्ष देणारी स्त्री, असं सांगून मोकळा होतो. मनाचा वाटा त्या ग्रंथकाराला आपल्या जाहिरातदारांपेक्षा फार जास्त कळला होता.

पण या आक्षेपातून ‘म्हणून चाचणी नको’ हे कसं निघतं? चाचणी तशी बेतता येते. वैद्याला रुग्ण तपासू दे, हवा तो योग, हव्या त्या मात्रेत लिहू दे. चिठ्ठी फक्त एवढंच ठरवेल की त्या रुग्णाला वैद्याने लिहिलेलं औषध मिळतं की हुबेहूब दिसणारं रिकामं. वैद्याची पद्धत शाबूत, तुलनाही शाबूत. आणि दुसरं असं की ‘प्रत्येकाचं औषध वेगळं’ हा मुद्दा चाचणीच्या दारात आठवतो आणि विक्रीच्या दारात विसरतो. एकच डबी, एकच मात्रा, ‘सर्व वयाच्या पुरुषांसाठी’ म्हणून विकताना प्रकृती कुठे जाते? ज्याने एकच कॅप्सूल सगळ्यांना विकली, त्याने एकच कॅप्सूल सगळ्यांवर तपासून घ्यायला नाही म्हणायचा हक्क गमावला.

संशयवाद्यांचा मुद्दाही कच्चा नाही. ते विचारतात, अशा चाचण्यांतून शेवटी निघतं काय? जिनसेंग या पूर्व आशियातल्या मुळीचं उदाहरण ते देतात: २०२१ च्या कॉक्रेन (चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणारी आंतरराष्ट्रीय संस्था) आढाव्यात ९ चाचण्या आणि ५८७ पुरुष एकत्र पाहिले, आणि ताठरतेच्या प्रश्नावलीवर परिणाम नगण्य, तोही फारशा खात्रीचा नाही, असं आढळलं. मग काम करणारं, नीट तपासलेलं औषध असताना पैसा आणि वेळ का घालवायचा?

यातलं ‘काम करणारं औषध आहे’ हे अर्धंच खरं. सिल्डेनाफिलच्या चाचणीतच जवळपास ३१ टक्के प्रयत्न फसले. छातीत दुखण्यावर नायट्रेट (जिभेखाली ठेवायची गोळी) घेणाऱ्याला ते देताच येत नाही. दोन्ही मिळून रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळतो. आणि चाचणी व्यर्थ गेली असं नकारातूनच का मानायचं? जिनसेंगबद्दल आज एवढं म्हणता येतं ते कुणीतरी मोजलं म्हणूनच. शिवाय निकाल नेहमी सपाट नसतो. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या एका झाडाच्या सालीतलं योहिंबिन घ्या. १९९८ मध्ये सात चाचण्यांचा एकत्रित आढावा झाला, तेव्हा ते रिकाम्या गोळीपेक्षा सरस ठरलं. म्हणजे लोक म्हणत होते त्यात तथ्य होतं. त्याचबरोबर ते नाडी वाढवतं, रक्तदाब चढवतं, जीव घाबरा करतं, हेही कळलं. परंपरेची बाजू आणि हसणाऱ्यांची बाजू, दोघांनाही या निकालाने पुरतं समाधान दिलं नाही, म्हणून तो वादांत कधी ऐकू येत नाही.

किंवा गोखरू. २०१४ मध्ये ३० पुरुषांवरच्या एका छोट्या चाचणीत तो रिकाम्या गोळीपेक्षा सरस ठरला नाही. २०१७ मध्ये बल्गेरियातली १८० पुरुषांची चाचणी आली: १२ आठवडे, मात्रा जास्त, आणि प्रश्नावलीत रिकाम्या गोळीच्या तुलनेत २.७ गुणांची वाढ. आता गंमत अशी की किती गुणांचा फरक माणसाला प्रत्यक्षात जाणवतो याचाही अभ्यास झालेला आहे. ताठरतेच्या गुणांत सौम्य तक्रारीला सुमारे २, मध्यम तक्रारीला ५ आणि तीव्र तक्रारीला ७ गुणांची वाढ झाली तर माणूस म्हणतो, हो, फरक पडला. तर २.७ हा विजय की पराभव? सौम्य तक्रारीच्या माणसाला कदाचित उपयोगाचा; ज्याचं सगळंच ठप्प आहे त्याच्या हाती काही नाही. आणि पहिल्या चाचणीपेक्षा मात्रा, कालावधी, माणसांची संख्या सगळंच वेगळं, तेव्हा कुणीतरी, शक्य तर उत्पादकाशी संबंध नसलेल्याने, ती पुन्हा करायला हवी. मला हे असलं अडखळतं उत्तर आवडतं. ‘रामबाण’ आणि ‘थोतांड’ या दोन शब्दांत ते बसत नाही.

पुन्हा करायची म्हणजे नेमकी काय, हाही प्रश्न आहेच. गोळी कारखान्यात एकसारखी निघते; झाड तसं नसतं. माती, ऋतू, मूळ घेतलं की फळ, पाण्यात काढा केला की मद्यार्कात अर्क, यावर आतली द्रव्यं बदलतात. म्हणून वनौषधींच्या चाचण्या कशा लिहून काढाव्यात याचे स्वतंत्र नियम २००६ मध्ये ठरले: प्रजातीचं शास्त्रीय नाव, भाग, अर्काची पद्धत, प्रमाण, आणि माल शुद्ध असल्याची तपासणी. हे न लिहिलेला शोधनिबंध म्हणजे भांडं आणि विस्तव न सांगता दिलेली पाककृती. त्यात काढा म्हणून शतकानुशतकं घेतलेल्या वनस्पतीचा मिथेनॉलमधला अर्क उंदरावर चालला, की ‘परंपरा सिद्ध झाली’ म्हणणं तर अजबच. परंपरेने मिथेनॉल कधी वापरलं होतं?

सगळ्यात अवघड आक्षेप राहिला. तो ना वैद्यांचा, ना संशयवाद्यांचा, साध्या माणसाचा. तो म्हणतो, तुमचं ते आंधळं-डोळस राहू द्या. ही तक्रार निम्मी मनाची. चूर्ण घेऊन आत्मविश्वास आला आणि काम झालं, तर पोटात काय गेलं याच्याशी तुम्हाला काय करायचंय?

मन किती काम करतं याबद्दल तो चुकत नाही. २००७ मध्ये इटलीत प्रोस्टेटसाठी फिनॅस्टराइड घेणाऱ्या पुरुषांचा एक अभ्यास झाला. निम्म्यांना सांगितलं की याने लैंगिक तक्रारी होऊ शकतात, निम्म्यांना सांगितलं नाही. औषध तेच. सांगितलेल्यांपैकी ४३.६ टक्क्यांना तक्रारी झाल्या, न सांगितलेल्यांपैकी १५.३ टक्क्यांना. एका वाक्याने एवढं बिघडतं, तर एका विश्वासाने बरंच सुधारत असणार, हे उघड आहे.

तरी मी त्याच्याशी सहमत होत नाही, आणि याचं पहिलं कारण अगदी व्यावहारिक आहे: ती गोळी रिकामी असेलच याची खात्री कोण देतो? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला २००७ ते २०१६ या काळात ७७६ पूरक उत्पादनांत न सांगितलेली औषधं सापडली. त्यातली ३५३, म्हणजे ४५ टक्क्यांहून जास्त, ‘कामशक्ती वाढवणारी’ होती, आणि त्यांत लपवलेलं नेहमीचं द्रव्य म्हणजे सिल्डेनाफिल. डबीवर मुळ्या आणि पानं, आत कारखान्यातलं रसायन, मात्रा कोणालाच माहीत नाही. २००८ च्या पहिल्या पाच महिन्यांत सिंगापूरमध्ये मधुमेह नसलेले १५० जण रक्तातली साखर कोसळून रुग्णालयांत आले. सात जण कोमात गेले, चार दगावले. कामोत्तेजक म्हणून विकल्या जाणाऱ्या बेकायदा गोळ्या आणि ‘पारंपरिक’ औषधांत ग्लायबेनक्लामाइड हे मधुमेहाचं औषध मिसळलेलं निघालं. वनस्पतीची खरी चाचणी झाली तर कुठली वनस्पती किती वेळात, कितपत परिणाम करते याचा अंदाज बांधता येतो. तो अंदाज असलेल्या माणसाला ‘अर्ध्या तासात गुण’ हे शब्द प्रशस्तिपत्रासारखे वाटत नाहीत. तपासल्या गेलेल्या वनस्पती आठवडे घेतात आणि दोन-तीन गुण देतात. अर्ध्या-पाऊण तासात काम करणारी गोष्ट आपल्याला ओळखीची आहे, आणि ती झाडाला लागत नाही.

दुसरं कारण मला जास्त छळतं. लिंगाच्या धमन्या एक ते दोन मिलिमीटर रुंद, हृदयाच्या तीन ते चार. रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडायला लागलं की अरुंद नळी आधी बोलते. म्हणून ताठरतेची तक्रार कित्येकदा हृदयविकाराच्या दोन ते पाच वर्षं आधी येते; मधुमेहात तर मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या दोन्ही पोखरल्या जातात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या प्रसिद्ध पाहणीत, १९९४ च्या अहवालानुसार, ४० ते ७० वयाच्या पुरुषांपैकी ५२ टक्क्यांना कमी-अधिक तक्रार होती. म्हणजे हा दारावरचा टकटकाट लाखो घरांत ऐकू येतो. तो थांबवायचा एक मार्ग दार उघडून कोण आलंय ते बघायचा. दुसरा, कानात कापूस घालायचा. गुण येवो न येवो, चूर्ण हा कापूस आहे. नीट चाचणीत मात्र कुणालाही घेताना आधी साखर, रक्तदाब, हृदय, चालू औषधं तपासावीच लागतात. गंमत म्हणजे रिकामी गोळी मिळालेल्या माणसालाही तिथे चूर्ण विकत घेणाऱ्यापेक्षा जास्त वैद्यकीय सेवा मिळते.

तर मित्राचा फोन. वनस्पती कोणती, ग्रंथात आहे की नाही, उंदरांवर काय झालं, यातलं मी काहीच विचारलं नाही. एवढंच विचारलं की छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळी कोणी लिहून दिली आहे का. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तो नेहमीच्या आवाजात म्हणाला, “गेल्या वर्षीपासून खिशात असते. पण तिचा आणि याचा काय संबंध?”